जाणत्याचे मौन

जुन्या वस्तूंचा नाद लागलेल्या माणसाला दोन विद्या याव्या लागतात. पहिली वस्तू ओळखण्याची, आणि दुसरी, ओळखल्यावर ते तोंडावर दिसू न देण्याची. पहिली शिकायला वर्षे जातात. दुसरी मात्र कोणी न शिकवता एका दिवसात येते. आणि जी गोष्ट न शिकवता येते तिच्याविषयी माणसाने थोडे सावध असावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

माझा नाद आवाजाच्या जुन्या यंत्रांचा. मी शाळामास्तर, जमेल तेव्हा कादंबऱ्या लिहिणारा. शिक्षण मॅट्रिकवर थांबलेले. विजेचे शास्त्र मला कोणी शिकवले नाही. पण लहानपणी शेजारच्या घरातून तबकडीवरचे गाणे ऐकू यायचे, त्या आवाजाचा पाठलाग करता करता मी या यंत्रांपर्यंत येऊन पोचलो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत युरोप-अमेरिकेत काही कारखान्यांनी अशी यंत्रे केली की त्यांच्यापुढे आजही भल्याभल्यांनी हात टेकावेत. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांचा क्वाड टू हा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर 1953 मध्ये आला, आणि त्यांचाच विजेच्या ताणलेल्या पडद्यातून आवाज काढणारा स्पीकर 1957 मध्ये. स्वित्झर्लंडच्या थोरेन्सचा 124 हा प्लेयर त्याच वर्षीचा. आणि स्विंडन गावच्या गॅरार्ड कारखान्याचा 301 हा त्याच्याही आधीचा, 1954 च्या सुमाराचा. बीबीसीच्या स्टुडिओंतून तो वापरात होता. वाचकांना ही नावे रुक्ष वाटतील, पण या नादातल्या माणसांसमोर ती उच्चारून पाहा. संगीताच्या शौकिनापुढे घराण्यांची नावे घेतल्यासारखा परिणाम होतो.

आता ओळखायचे कसे? वरच्या नावावरून तर मुळीच नाही. व्हॉल्व्हचेच घ्या. मुलार्ड ही इंग्लंडमधली नावाजलेली कंपनी. तिच्या व्हॉल्व्हच्या काचेवर नाव छापलेले असते, पण छापलेले नाव पुसता येते आणि दुसऱ्याच काचेवर नव्याने छापताही येते. खरी खूण असते ती काचेच्या बुडाशी कोरलेल्या बारीक अक्षरांत. तिथे आकड्यांच्या आधी बी हे अक्षर असले तर माल ब्लॅकबर्नच्या कारखान्यातला. अँप्लिफायर घ्यायचा तर तो उलटा करून पाहावा. खालच्या स्क्रूंच्या खाचा शाबूत आहेत की कोणी पाचरीसारखा पेचकस घालून त्या खाल्ल्या आहेत, जुन्या डागाशेजारी नव्या कथलाची चकाकी दिसते का, वजन भरते का, हे सारे पाहावे. माणसाचे जसे चेहऱ्यापेक्षा तळव्यांवरून कळते, तसेच हे.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. पहिल्यांदा मी मुंबईच्या एका दुकानदाराकडून सहा हजारांना मुलार्डच्या चार व्हॉल्व्ह घेतल्या. घरी येऊन कौतुकाने अंगठ्याने धूळ पुसली, तर धुळीबरोबर मुलार्डही पुसले गेले. बुडाशी खूण शोधायची असते हे त्या दिवशी समजले. पुढे पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन पाहिले. आपल्याकडच्या बाजारांतून ते आजही ‘आजोबांच्या काळचे’ म्हणून विकले जातात. पुष्कळदा आतले चावीचे यंत्र एखाद्या मोडक्या पेटी-ग्रामोफोनचे असते, खोके कालच्या लाकडाचे, कर्णा पातळ पत्र्याचा, आणि कुत्र्याच्या चित्राची पाटी वरून ठोकलेली. परदेशी पाहुणे ते आनंदाने घेऊन जातात. मी घेतला नाही, कारण तोवर माझी फी भरून झालेली होती.

हे ‘फी भरणे’ लक्षात ठेवा. फसलेला माणूस आपल्या फसण्याला शिक्षण म्हणतो आणि मग त्या शिक्षणाची भरपाई जगाकडून घ्यायला निघतो. जगात भरपाई द्यायला सापडतो तो मात्र फसवणारा नसतो. तो तिसराच कोणी असतो.

2016 च्या मे महिन्यातली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी मिरजेला भंगाराच्या दुकानात कामाला आहे. त्याचा फोन आला, “सर, एका आजींच्या घरी तबकडी लावायचं जुनं यंत्र आहे. मालक उद्या किलोवर उचलणार. तुम्ही आधी बघून जा.” सांगली-मिरज अंतर ते किती! तासाभरात मी त्या वाड्यात हजर झालो.

घरात एकट्या काकू होत्या, पंच्याहत्तरीच्या. मुलगा बाहेरगावी, वाडा विकायला काढलेला, सामानाची आवराआवर चाललेली. माजघराच्या कोपऱ्यात एका सागवानी खोक्यावर जुना चादरीचा तुकडा होता. तो त्यांनी उचलला आणि माझ्या छातीत धस्स झाले. हातोड्याने हलके ठोकल्यासारखा करडा रंग, जाड ओतीव धातूचे अंग, वेगाची दांडी, आणि समोर तीन अक्षरी आकडा. मी वाकून खाली पाहिले. मधल्या खांबाला ग्रीस भरण्याची सोय होती. पहिल्या काळातल्या यंत्रांना ग्रीस लागे, नंतरच्यांना तेल. म्हणजे हे पहिल्या काळातले. या यंत्रात मोटर एका रबरी चाकाला फिरवते आणि ते चाक थाळीच्या आतल्या कडेला फिरवते. यंत्र बंद न करता कोणी तसेच वर्षानुवर्षे ठेवले तर रबर दाबून चपटे होते आणि प्रत्येक फेऱ्याला गाण्यात ठोका पडतो. मी थाळी उचलली. चाक गोल गरगरीत होते. वापरणारा माणूस शिस्तीचा असला पाहिजे.

“यजमानांनी घेतलं,” काकू म्हणाल्या. “1962 साली. एक साहेब विलायतेला परत चालला होता, त्याच्याकडून. तीन महिन्यांचा पगार घातला त्यात. मी आठ दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी.”

मी हं म्हटले.

“आता भंगारवाला किती देईल कुणास ठाऊक. तुम्ही मास्तर आहात, तुम्हाला हवं असेल तर दोन हजार द्या.” आणि जरा थांबून म्हणाल्या, “दोन हजार फार नाही ना होत?”

त्या यंत्राला त्या दिवशी, आहे त्या स्थितीत, मुंबईत सव्वा लाखाच्या आसपास किंमत आली असती. मी खाली पाहिले, मान थोडी हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मलाही सांगता येणार नाही. मग खिशातून दोन हजार काढून दिले आणि रिक्षा बोलावली.

त्या रात्री अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवीची तबकडी लावली. ज्या मिरजेत त्यांनी मुक्काम केला त्याच मिरजेतून आलेले यंत्र, आणि त्यावर तो सूर. आनंद झाला नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. झाला, आणि पुष्कळ झाला. सदसद्विवेकाची टोचणी त्या रात्रीपासूनच लागली असे कादंबरीत लिहिणे सोपे असते. मला ती सात महिने लागली नाही. कारण माझ्याजवळ युक्तिवाद होता आणि तो चांगला होता.

तो असा. मी खोटे बोललो नाही. किंमत त्यांनी सांगितली, मी घासाघीस केली नाही. मी गेलो नसतो तर दुसऱ्या दिवशी ते यंत्र हातोड्याखाली जाऊन ॲल्युमिनियमच्या भावाने विकले असते. मी त्यांना भंगारवाल्यापेक्षा जास्त दिले, आणि एक दुर्मीळ वस्तू वाचवली. शिवाय मला जे कळले ते कष्टाने कळले. ज्ञान मिळवणाऱ्याला त्या ज्ञानाचा फायदा होणार नसेल तर ज्ञान मिळवील कोण?

हा युक्तिवाद माझा एकट्याचा नाही. आपला 1872 चा करार कायदा काढून पाहा. त्याच्या 17 व्या कलमात लबाडी म्हणजे काय ते सांगितले आहे, आणि नुसते गप्प बसणे ही लबाडी नव्हे असा खुलासा केला आहे. खाली काही उदाहरणे दिली आहेत. त्यांत अ आणि ब अशी बिननावाची माणसे घोडे विकत असतात. अ ला ठाऊक आहे की घोडा रोगट आहे. तो लिलावात ब ला विकतो, काही बोलत नाही. ही लबाडी नव्हे. दोघे व्यापारी आहेत, एकाला भाव बदलल्याची खबर खासगीत लागली आहे. त्याने ती दुसऱ्याला सांगितलीच पाहिजे असे नाही. एवढे वाचून मी पुस्तक मिटले होते. चोराला जसे वाटेतल्या पहिल्याच उघड्या दारात शिरायचे असते, तसे वाचन मी केले.

डिसेंबरात आठवीच्या वर्गात एक भांडण माझ्यापुढे आले. एका मुलाने आजोबांच्या पेटीतला पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया शाळेत आणला होता. दुसऱ्याने तो एका शाईच्या पेनावर बदलून घेतला. दुसऱ्याचे वडील सोनारकाम करतात. चांदी कशाला म्हणतात हे त्याला ठाऊक होते. घरी बोलणी बसल्यावर पहिला रडत आला. मी दुसऱ्याला उभे केले. तो मुळीच घाबरला नाही. म्हणाला, “सर, मी काही खोटं बोललो नाही. त्यानंच पेन मागितलं. त्याला माहीत नव्हतं हा काय माझा दोष आहे?”

वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी त्याला रुपया परत करायला लावला, आणि त्याने तो केलाही. पण जाताना त्याने विचारले, “पण सर, माझं चुकलं काय?” चाळीस मुलांपुढे मला उत्तर देता आले नाही. मी घंटेची वाट पाहत उभा राहिलो.

त्या रात्री ते कलम मी पुन्हा वाचले, या खेपेला सगळे. मधली दोन उदाहरणे मी गाळली होती. एकात ब ही अ चीच नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे. तिथे नात्यामुळे बापावर बोलण्याचे कर्तव्य येते. आणि दुसऱ्यात ब म्हणतो, ‘तू नाही म्हटले नाहीस तर घोडा निकोप आहे असे मी समजेन’. आणि अ गप्प बसतो. कायदा म्हणतो, इथे गप्प बसणे हे बोलण्यासारखेच आहे. ‘दोन हजार फार नाही ना होत?’ मला वाटले, ते उदाहरण लिहिणारा माणूस मिरजेच्या माजघरात दाराआड उभा होता. काकूंच्या बाबतीत न्यायालय काय म्हणाले असते हा वकिलांचा प्रश्न. तिथे घोडा विकणारा नव्हता, घेणारा गप्प होता. पण मला न्यायालयात जायचे नव्हते.

हा प्रश्न माणसांना फार पूर्वीपासून छळतो आहे. रोमच्या सिसेरोने इ. स. पूर्व 44 मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. तो मी इंग्रजीतून वाचला. त्यात एक धान्याचा व्यापारी आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे, आणि हा अलेक्झांड्रियाहून गलबत भरून आला आहे. मागून आणखी पुष्कळ गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, बेटावरच्यांना नाही. त्याने सांगावे की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगावे, कारण माणसामाणसांत एक समाईक हित असते. सिसेरोचा कौल शिष्याकडे आहे. पण मला थांबवले ते पुढच्या एका छोट्या हकिकतीने. क्विंटस स्कीव्होला नावाचा गृहस्थ जमीन घेत होता. त्याने किंमत विचारली, विकणाऱ्याने सांगितली. स्कीव्होला म्हणाला, माझ्या मते हिची किंमत याहून जास्त आहे, आणि त्याने एक लाख नाणी वर घातली. सिसेरो म्हणतो की हे भल्या माणसाचे काम होते हे कोणी नाकारत नाही. शहाण्याचे होते असे मात्र लोक म्हणत नाहीत. दोन हजार वर्षांत या बाबतीत लोक काही बदललेले नाहीत.

आपल्याकडे यापेक्षा जवळचा माणूस आहे. महाभारताच्या शांतिपर्वातला तुलाधार. जटेत पक्ष्यांनी घरटे करीपर्यंत निश्चल उभा राहिलेला जाजली तपस्वी आपल्या तपाच्या गर्वात असताना त्याला कळते की धर्म शिकायचा तर वाराणसीच्या एका दुकानदाराकडे जा. तो दुकानदार सांगतो की माझा तराजू सर्वांना सारखा आहे. लहानपणी ऐकताना मला वाटे, यात काय मोठेसे? वजनात मारत नाही एवढेच ना! आता कळते. तराजूची दांडी समोरच्याला दिसत नसतानाही सारखी ठेवणे, हे त्यात मोठे आहे. मला यंत्राची किंमत दिसत होती. काकूंना दांडीही दिसत नव्हती आणि पारडेही नाही. त्यांनी विचारले ते मला, म्हणजे माझ्याच तराजूला.

जानेवारीत मी मिरजेला गेलो. वाडा अजून विकलेला नव्हता. मी सगळे सांगितले, किंमतीसह. यंत्र परत आणतो म्हटले, किंवा विकून पैसे देतो म्हटले. काकू निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून ऐकत होत्या. माझे संपल्यावर म्हणाल्या, “तुम्हाला ठाऊक होतं, हे मला त्याच दिवशी कळलं.”

“ते कसं?”

“यंत्राला हात लावण्याआधी तुम्ही खिशातून रुमाल काढलात आणि हात पुसलेत. भंगाराला कोणी हात पुसून शिवत नाही. किंमत किती ते मला कुठून कळणार? पण काहीतरी आहे हे कळलं. म्हणून तर विचारलं, फार नाही ना होत म्हणून. म्हटलं बघू, मास्तर सांगतात का.”

मला माझ्या तोंडावरच्या विद्येचा मोठा अभिमान होता. तोंडाने काही सांगितले नव्हते. हातांनी सांगून टाकले होते.

तुम्ही म्हणाल, मग प्रश्न मिटला. त्यांना संशय होता, तरी त्यांनी विकले, म्हणजे फसवणूक कुठे झाली? काही दिवस मीही हा आधार धरून पाहिला. पण तो टिकत नाही. त्यांनी फसणे न फसणे हा त्यांच्या हुशारीचा भाग. मी काय केले ते त्यांच्या हुशारीने बदलत नाही. त्यांनी एका मास्तरला प्रश्न घातला होता, आणि मास्तरने कोरा पेपर दिला होता.

मी दोन वाटे त्यांचे आणि एक माझा असे सुचवले. त्या म्हणाल्या, “अर्धे पुरेत. तुम्ही नसता आलात तर ते मोडीत गेलं असतं, हेही खरंच की.” बाजारात चौकशी करून आम्ही एक लाख वीस हजार ठरवले. त्यातले साठ त्यांचे. दोन हजार पोचलेले होते, राहिले अठ्ठावन्न. स्कीव्होला श्रीमंत होता, त्याने एकदम लाख वर घातले. मी दरमहा चार हजार घेऊन मिरजेची एसटी धरली. यजमानांच्या जुन्या हिशेबाच्या वहीत काकू ‘यंत्राचे’ असे लिहून रक्कम मांडत, आणि मला सही करायला लावत. चहा देत. गाण्याची चौकशी त्यांनी एकदाही केली नाही. चौदा हप्ते चार हजारांचे आणि शेवटचा दोन हजारांचा. 2018 च्या मार्चात तो फिटला.

त्या हप्त्यांच्या प्रवासांत आठवीतल्या त्या मुलाचे उत्तर मला हळूहळू सापडत गेले. ज्ञानाचा मोबदला घेण्यात काही वावगे नाही. वैद्य घेतो, सोनार घेतो, मीही घेतो. ते अर्धे मला काकूंनीच दिले. पण हा मोबदला समोरच्याला सांगून घ्यायचा असतो. ‘मला हे कळते, त्याचे एवढे द्या’ असे म्हणता येते. न सांगता जे घेतले ते माझ्या ज्ञानाचे मोल नव्हते, ते त्यांच्या अज्ञानाचे होते. आणि ते अज्ञान कमावण्यासाठी मी काहीच कष्ट केले नव्हते. मुंबईच्या दुकानदाराने माझ्या अज्ञानाचे सहा हजार घेतले तेव्हा मला हा फरक अगदी स्वच्छ दिसला होता. मिरजेला माझी जागा बदलली आणि तो दिसेनासा झाला.

बाजारात व्यापाऱ्याने व्यापाऱ्याशी कसे वागावे हे मी सांगायला जात नाही. दोघांच्या हाती तराजू असतात, दोघे पगडी सांभाळून असतात. पण जिथे एकाच्याच हाती तराजू आहे, आणि दुसरा त्याला विचारतो आहे, तिथे जाणत्याला मौनाचा हक्क उरत नाही. एवढेच मला म्हणायचे आहे. त्या मुलाला हे सांगायला गेलो तेव्हा तो दहावी होऊन दुसऱ्या गावी गेला होता.

यंत्र माझ्याकडे आहे. त्याला वेळेवर ग्रीस देतो, आणि बंद करताना दांडी पूर्ण मागे आणतो, म्हणजे रबर चपटे होत नाही. मध्यंतरी कोल्हापूरकडे एका घरी जुना अँप्लिफायर पाहायला गेलो होतो. आत शिरण्याआधी उंबऱ्यातच रुमालाने हात पुसले, सर्वांना दिसतील असे, आणि घरमालकांना म्हणालो, “मला यातलं थोडं कळतं. आधी तुम्हाला सांगतो ते काय आहे, मग बोलू.” त्यांनी ऐकून घेतले, आणि ते विकायचेच नाही असे ठरवले. मी रिकाम्या हातांनी परत आलो. वाटेत चुटपुट लागली, हेही लिहून ठेवतो.